ऐकू आलं की हात वर

कंपनीच्या दवाखान्यात, वैद्यकीय मंडळाच्या व्हरांड्यात स्वरूपाला अन्वेष दिसला आणि ती चटकन खांबाआड झाली. खांब लोखंडी नळाचा होता, तिच्या दंडापेक्षा फार जाड नव्हता. त्याच्याआड चव्वेचाळीस वर्षांची बाई कशी लपणार? तरी ती तशीच उभी राहिली, छातीशी नवऱ्याच्या कागदांचा खाकी लिफाफा धरून. अन्वेष इथे असायला नको होता. तो जैसलमेरपलीकडच्या वाळवंटात असायला हवा होता, सूर्याच्या विजेच्या कामावर. गावात अकरा ठिकाणी त्याचा फोटो लावलेला होता. बसस्टँडवर, कॉलेजच्या भिंतीवर, बाजारातल्या पाण्याच्या टाकीवर. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे निळ्या काचांच्या रांगा, अंगठा वर. खाली अक्षरं होती, ‘माझे वडील जमिनीखाली गेले, मी सूर्याकडे गेलो.’ ते वाक्य स्वरूपानेच एका दुपारी, ती काम करायची त्या रोजगार केंद्राच्या कार्यालयात बसून लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर तिच्या अंगावर काटा आला होता. तोच मुलगा आता बाकावर बापाशेजारी बसला होता, आणि त्याच्या मांडीवरही तसाच खाकी लिफाफा होता.

या गावात त्या लिफाफ्याचा एकच अर्थ होतो. बावीत, म्हणजे जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत, उतरणाऱ्या माणसाला मंडळाने कामाला अपात्र ठरवलं, तर त्याची नोकरी त्याच्या मुलाला मिळते. म्हणून इथली माणसं डॉक्टरकडे जाताना बरं होण्याची आशा घेऊन जात नाहीत. वर्षातून दोनदा मंडळ बसतं आणि व्हरांड्यात बाप-लेकांच्या जोड्या बसतात. बाप खोकत, लंगडत, डोळे बारीक करत, आणि लेक ताठ, दाढी केलेला, इस्त्रीच्या शर्टात. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. आता नियम बदलून मुलींचंही नाव लागतं, म्हणून स्वरूपाही आली होती. नवरा ओदेलूच्या ऐवजी मुलगी अखिला. अखिलाला मात्र तिने घरीच ठेवलं होतं.

“कोण आहे तिकडे?” ओदेलूने विचारलं. तो जरा मोठ्यानेच बोलायचा. तेवीस वर्षं ड्रिलच्या आवाजात काढल्यावर सगळेच तसे बोलतात.

“कोणी नाही. हळू बोला,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला ऐकू येत नाहीये, लक्षात आहे ना?”

ओदेलू हसला. समोरचे दोन दात नसल्यामुळे त्याचं हसू नेहमीच थोडं कबुली दिल्यासारखं वाटायचं.

केंद्रात तिने रक्त तपासायचं आहे असं सांगितलं होतं. दुपारी तीनला कल्याण मंडपात, गावातल्या मंगल कार्यालयात, मेळावा होता. पर्यावरणाला सांभाळणाऱ्या नोकऱ्या शोधायच्या, त्यांची माहिती वस्त्यावस्त्यांत पोचवायची आणि मुलांची नावं नोंदवायची, हे तिचं काम. पाच वर्षं ती ते मन लावून करत होती. लोकांना हिरव्या नोकऱ्या हा शब्दच आधी हसण्यासारखा वाटायचा. ‘हिरवी म्हणजे गवत कापायची का, अक्का?’ असं नाक्यावरची पोरं विचारायची. ती उत्तर द्यायची, वाद घालायची, नकाशे दाखवायची. दोन नंबरची बावी बंद झाली, पाच नंबरची होणार आहे, उघड्या खाणीत यंत्रं काम करतात, माणसं नाहीत. मग तुम्ही कुठे जाणार? हे ती बोलायची तेव्हा तिला स्वतःच्या आवाजात एक सरळपणा जाणवायचा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही कामात तिला मिळाला नसता. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त बोलून झाल्यावर ती कंपनीच्या क्वार्टरमध्ये परत यायची, कंपनीच्या नळाचं पाणी प्यायची, कंपनीच्या दिव्याखाली अखिलासाठी रोटी थापायची, आणि अखिलाचं नाव कुठे लावायचं हा विचार करताना तिच्या डोक्यात बावीशिवाय काही येत नसे. रोटी उलटता उलटता ती दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायची. त्या एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या बसून राहायच्या.

याच व्हरांड्यात ती एकोणिसाव्या वर्षी बसली होती. तेव्हा खांब लाकडी होते आणि भिंतीवर कुष्ठरोगाची चित्रं होती. तिचा बाप रायमल्लू बाकाच्या टोकाला बसला होता. त्याच्या छातीचा फोटो तिच्याकडे होता, कारण तो घामेजल्या हाताने खराब करील अशी आईला भीती होती. ती बारावी पहिल्या वर्गात पास झाली होती. भाऊ दोनदा नापास झाला होता. तिने फोटो उजेडात धरून पाहिला होता. फासळ्यांच्या मागे पांढरा धूर साचल्यासारखा दिसत होता, आणि तिच्या मनात पहिला विचार आला होता की हा धूर पुरेसा आहे. बापाच्या छातीबद्दल असा विचार आपण केला, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. धूर पुरेसा निघाला. नोकरी भावाला मिळाली, कारण तेव्हा मुलींना मिळत नसे. तीन वर्षांनी तिला ओदेलूला दिलं, कारण ओदेलू बावीत होता. बाप त्यानंतर चार वर्षं जगला. अपात्र ठरल्याचा कागद त्याने देवाच्या फळीवर ठेवला होता.

“मॅडम.”

अन्वेष समोर उभा होता. पोस्टरवरच्यापेक्षा काळा आणि बारीक. त्याच्या हातांच्या बोटांवर पांढरट भेगा होत्या.

“तू कधी आलास?” तिला तेवढंच सुचलं.

“दीड महिना झाला. तुम्हाला भेटायला येणार होतो. मग म्हटलं, काय तोंड दाखवायचं?” तो ओदेलूकडे वळला. “काका, बरे आहात ना?”

“ऐकू येत नाही रे,” ओदेलू म्हणाला आणि मग प्रश्नाचं उत्तर बरोबर दिल्याचं लक्षात येऊन गप्प झाला. अन्वेष हसला.

“काम सोडलंस?” स्वरूपाने विचारलं.

“काम संपलं, मॅडम. तुम्ही शिकवलंत ते जोडणीचं काम पहिले दोन महिने होतं. ते छान होतं. खोटं नाही बोलत, मला आवडत होतं. मग पॅनेल बसवून झाली आणि आमच्या हातात नळी आणि फडकं दिलं. धुवायचं. पहाटे चारपासून, ऊन चढायच्या आत. टँकर यायचा तो काचांसाठी. त्या पाण्याने अंघोळ केली म्हणून एका ओरिसाच्या पोराला काढलं.” तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. “सात महिन्यांनी ठेकेदार बदलला. नवा आपली माणसं घेऊन आला. दुसरीकडे गुजरातेत नेतो म्हणाला होता एक जण, त्याचा फोन लागत नाही.”

“मला कळवायचंस. मी बोलले असते कोणाशी तरी.”

“कोणाशी?”

तिच्याजवळ तीन नंबर होते. तिघेही नेहमी उचलायचे आणि नेहमी गोड बोलायचे.

“राग नाही तुमच्यावर,” अन्वेष म्हणाला. “बापूला म्हटलं, तुझे गुडघे गेलेच आहेत, आता कागदावर जाऊ देत.” पलीकडून पोशम, त्याचा बाप, त्यांच्याकडे पाहत होता. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळत असावं, कारण तो ते हाताने झाकून बसला होता. “एक काम होतं मॅडम, म्हणून उठून आलो. ते फोटो काढून टाका ना माझे. अर्जात लिहावं लागतं, मुलगा कुठेही नोकरीला नाही. आणि मंडळाचे साहेब बसस्टँडवरूनच येतात. गाडीतून उतरलं की पहिला मीच दिसतो, अंगठा वर करून.”

“काढते,” ती म्हणाली.

“आजच?”

“आजच.”

त्याने मान डोलावली, पण गेला नाही. मग तिच्या हातातल्या लिफाफ्याकडे बघत, अगदी सहज, त्याने विचारलं, “अखिलासाठी का?”

तिने हो म्हटलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तर तयार होतं, मेळाव्यांत सगळ्या प्रकारच्या टोमण्यांना ती उत्तर देत आलेली होती. पण त्याने फक्त “चांगलं आहे” म्हटलं, समजूतदार शेजाऱ्यासारखं, आणि बापाजवळ जाऊन बसला. तिला वाटलं आपल्याला कोणीतरी घरात घेऊन आतून कडी घातली आहे. घर ओळखीचं आहे, बसायला जागाही आहे. पण आपण बाहेरच्या आहोत, हे इतकी वर्षं जे वाटत होतं ते गेलं.

ओदेलूचे गुडघे अपात्र ठरण्याच्या काठावर होते, त्यांवर भरवसा नव्हता. कान मात्र खरोखरच अर्धे गेले होते, आणि उरलेले अर्धे लपवायचे होते. गेला पंधरवडा संध्याकाळी जेवण झाल्यावर स्वरूपा फोनवर तो तपासणीचा आवाज लावायची. टी, टी, आधी जाड, मग बारीक, मग एखादा किडा दूर कुठेतरी ओरडावा इतका बारीक. ओदेलूने हात मांडीवर ठेवून बसायचं. जाड आवाजाला हात वर करायचा, बाकीच्यांना नाही. सुरुवातीला त्याचा हात आपोआप उठायचा. आयुष्यभर इशाऱ्याच्या आवाजावर जीव अवलंबून असलेल्या माणसाचा हात तो. स्वरूपा त्याच्या मनगटावर आपला हात दाबून धरायची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला जमायला लागलं. डोळे उघडे, चेहरा कोरा. ती त्याला ‘शाबास’ म्हणायची. एकदा तसं म्हणाली तेव्हा अखिला दारात उभी होती.

“अम्मा, तू माइकवर बोलतेस ते खरं असतं का?” अखिलाने विचारलं होतं.

“खरंच असतं.”

“मग मला अनंतपूरला का जाऊ देत नाहीस? पवनचक्कीच्या कामाला मुली घेतायत. जाहिरात तूच आणलीस. मी विजेचं शिकलेय, बावीचं नाही.”

“जाहिरात मी आणते म्हणून तर मला माहीत आहे,” स्वरूपा म्हणाली होती. “आज आहे, उद्या नाही. इथे एकदा नाव लागलं की क्वार्टर आहे, दवाखाना आहे, म्हातारपण आहे.”

“आणि पाच नंबर बंद होणार म्हणतेस ते?”

“होईल तेव्हा होईल. कंपनी आपल्या माणसाला टाकत नाही.”

“म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांना सूर्य आणि मला कोळसा.” अखिला हे मोठ्याने बोलली नव्हती. ती आत जाऊन भांडी लावायला लागली होती. ओदेलू दोघींच्या मध्ये हात मांडीवर ठेवून बसला होता. फोनमधला आवाज चालूच होता आणि त्याने हात वर केला नव्हता. तेव्हा स्वरूपाला ते सरावाचंच वाटलं.

त्याचं नाव पुकारलं. ऐकण्याच्या तपासणीची खोली म्हणजे खोलीतली एक पेटीच होती, आतून गादीसारखं अस्तर आणि एका बाजूला काच. घरचं एक माणूस काचेबाहेर उभं राहू शकत होतं. ओदेलू आत स्टुलावर बसला. तपासणीच्या बाईने त्याच्या कानांवर जाड टोप्या चढवल्या आणि सांगितलं, “बाबा, आवाज ऐकू आला की हात वर करायचा. कितीही बारीक असला तरी.” मग ती बाहेर येऊन आपल्या यंत्रापुढे बसली. दार बंद झाल्यावर ओदेलू काचेआड एकदम लांब गेल्यासारखा दिसला. खाकी शर्टाची वरची गुंडी त्याने लावली होती. तो कधी लावत नसे.

यंत्रावर एक दिवा लागायचा, म्हणजे आत आवाज सुटलेला. पहिले तीन दिवे, ओदेलूने हात वर केला. ते ठरल्याप्रमाणे होतं. चौथा दिवा लागला. आता नाही. ओदेलूचा चेहरा कोरा होता आणि त्याची नजर काचेतून तिच्यावर होती. त्याने एकदा पापणी मिटली, आणि हात वर केला. चुकला, असं तिला वाटलं. तिने काचेआडून बारीकशी मान हलवली. पाचवा दिवा. हात वर. सहावा. हात वर. तिच्या नकळत तिचा हात काचेवर गेला, त्याचं मनगट दाबावं तसा, आणि बाईने “काचेला हात नका लावू” म्हटलं. सातव्या दिव्याला ओदेलूने मान जरा तिरकी केली, लांबून कोणी हाक मारतंय का ते नीट ऐकावं तशी. थांबला. आणि मग सावकाश हात वर केला, पूर्ण, शाळेतल्यासारखा. त्यानंतरचे दोन त्याला खरोखरच ऐकू आले नाहीत. तो वाट पाहत राहिला, आणि ते कळत होतं.

“कान आहेत अजून बाबांचे,” बाईने कागदावर रेघ ओढत म्हटलं. चांगली बातमी द्यावी तशी.

बाहेर व्हरांड्यात पोशम आणि अन्वेष अजून बसलेलेच होते. त्यांच्याकडे न बघता स्वरूपा पायऱ्या उतरली. दोघं चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवाल्याने न विचारताच दोन चहा पुढे केले. दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्यांना तो निकाल कधी विचारत नाही.

“काय केलंत तुम्ही?” ती म्हणाली.

ओदेलूने चहा बशीत ओतला. “ऐकू येत होतं.”

“ते मला माहीत आहे. पंधरा दिवस काय करत होतो आपण?”

“तू करत होतीस.” तो बशी फुंकत राहिला. “मंगळवारी पोरगी मला गेटपर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, बापू, मला तुझी जागा नको. रडली नाही, काही नाही. डबा हातात दिला आणि म्हणाली.”

“लहान आहे ती. तिला काय कळतं? अन्वेषला विचारा, बाहेर काय आहे ते.”

“बाहेर काय आहे ते मला कुठे माहीत आहे?” ओदेलू म्हणाला. “मला माझ्या बापूची जागा मिळाली. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी खाली गेलो तेव्हा सगळे म्हणाले, तुझ्या बापूचंच टोपलं आहे हे, घे. मला आत्तापर्यंत कोणी काही सांगितलंच नव्हतं गं, नको म्हणून. तिने सांगितलं.”

“साडेपाच वर्षं आहेत तुमच्या निवृत्तीला अजून.”

“हो.”

“गुडघे?”

“चालतील तितके चालतील.” मग तो उठला, कारण त्याला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. मंडळाच्या दिवशी अर्धी रजाच मिळते. ती त्याला पाठमोरा जाताना पाहत राहिली. राग खूप होता, पण तो कोणावर धरावा हे तिला ठरवता येईना. त्याच्यावर धरला तर तो पाळीला चालला होता. अखिलावर धरला तर तिने स्वरूपाचीच वाक्यं म्हटली होती. उरलं होतं कोण, तेही तिला दिसत होतं. चहा निवला तरी ती उठली नाही.

दोन वाजता उघड्या खाणीत रोजचा स्फोट झाला आणि कल्याण मंडपाच्या काचा थरथरल्या. स्वरूपा खुर्चीवर चढून अन्वेषचा बॅनर सोडवत होती. केंद्राचे प्रमुख प्रभाकर सर कॅमेरावाल्याला घेऊन आत आले.

“हे काय, स्वरूपा? पाहुणे येतायत, आणि तू आपला हिरो खाली उतरवतेस?”

“तो परत आलाय सर. बसस्टँडवरचाही काढायला सांगितलाय मी.”

“परत आलाय तर काय झालं? गेला होता ना? ते खोटं आहे का?”

“खोटं नाही,” ती म्हणाली आणि गुंडाळी करून दोरी बांधली. प्रभाकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या वरही कोणीतरी बसलं होतं, दर महिन्याला आकडा मागणारं. त्यांनी कपाळ चोळलं आणि मागे नुसतं हिरवं कापड लावायला सांगितलं.

मंडप निम्मा भरला. माइक हातात आल्यावर तिच्या तोंडून नेहमीची वाक्यं नेहमीच्या क्रमाने निघू लागली. बंद होणाऱ्या बाव्या, फुप्फुसातली धूळ, पाण्याचा उपसा, मुलांच्या हातात येणारं नवं काम. ती स्वतःला ऐकत होती. सगळं खरं होतं. सूर्याकडे जाण्याचं वाक्य आलं तेव्हा ती थांबली. दोन-तीन जणांनी मोबाइलमधून वर पाहिलं. मग तिने साध्या आवाजात सांगायला सुरुवात केली की जोडणीचं काम दोन महिन्यांचं असतं, पुढे धुलाईचं असतं, ठेकेदार बदलतो. जाण्याआधी करार किती महिन्यांचा ते विचारा. राहायच्या जागी पाणी आहे का ते विचारा. परत यायची वेळ आली तर मला फोन करा. माझ्याकडे तीन नंबर आहेत आणि ते पुरेसे नाहीत, मी आणखी शोधते आहे. आणि हे सगळं असूनही बावी बंद होणार आहे. प्रभाकर सर बाजूला खोकले. मागच्या दोन रांगा उठून गेल्या. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. तिने माइक खाली ठेवला.

तरी नोंदणीच्या टेबलापुढे रांग लागली, नेहमीपेक्षा आखूड. ती मान खाली घालून लिहीत गेली. नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, कोणतं काम. सातव्या अर्जावर वरची नावं भरलेलीच होती, त्यांत आधी ‘ओदेलू’ दिसलं, मग अक्षर ओळखू आलं, मग तिने वर पाहिलं. अखिला केस घट्ट बांधून आली होती. तिच्या हातात शिक्षणाच्या दाखल्यांची प्लास्टिकची पिशवी होती.

“बापूचा फोन आला होता,” अखिला म्हणाली.

मागे माणसं उभी होती. स्वरूपाने पेन सरळ केलं.

“कोणतं काम?”

“पवनचक्की. देखभाल.”

“जिल्ह्याबाहेर जायची तयारी?”

“आहे.”

“उंचीची भीती वाटते का? तिथे शिडीने वर चढावं लागतं, ऐंशी मीटर. वारा असतो.” हा प्रश्न अर्जात एका शब्दाचा होता. बाकीचं ती स्वतःच बोलली.

“माहीत नाही. कधी चढून पाहिलं नाही.”

स्वरूपाने तसंच लिहिलं, माहीत नाही. जागा कमी पडली, अक्षरं रेघेबाहेर गेली. खाली शेवटचा प्रश्न होता. तो ती रोज चाळीस वेळा विचारायची, उत्तर येण्याआधीच खूण करून मोकळी व्हायची.

“घरच्यांची संमती?”

“बापूची आहे,” अखिला म्हणाली आणि थांबली.

आहे, नाही. दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, सारख्याच आकाराच्या. स्वरूपाच्या डोळ्यांपुढे अन्वेषची भेगाळलेली बोटं आली, टँकर आला, फोन न उचलणारी माणसं आली. तिने मुलीच्या हातांकडे पाहिलं. ते पिशवीवर घट्ट होते आणि त्यांवर अजून काहीच नव्हतं. रांगेतला कोणीतरी म्हणाला, “अक्का, आमची बस आहे साडेपाचची.” तिने ‘आहे’च्या चौकटीत खूण केली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

“करार किती महिन्यांचा ते विचार,” ती म्हणाली. “पाण्याचं विचार.”

“विचारते,” अखिला म्हणाली. तिने पोचपावती घेतली, घडी न घालता पिशवीत ठेवली आणि बाजूला सरली. स्वरूपाने पुढचा अर्ज ओढून घेतला आणि नाव विचारलं. समोरच्या मुलाला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं, कारण पहिल्या वेळी तिचा आवाज बाहेर पडलाच नव्हता.